आप्पांच्या पिकअपचे पाटे

आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं मला संघटनेतल्या दोघातिघांनी ऐकवून झालंय. त्या म्हाताऱ्या माणसांनी लिहायच्या असतात म्हणे, सगळं निवल्यावर. मला निवल्यावर लिहायचं नाही. निवलं की माणूस समजूतदार होतो, बापाची बाजू समजून घेतो, बागायतदाराची समजून घेतो, आणि शेवटी कुणाचंच काही चुकलं नव्हतं असं लिहून मोकळा होतो. मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकाला एकच पान असतं आणि त्यात कुणाचं चुकलं ते लिहावंच लागतं. म्हणून आमच्या पिकअपच्या मागच्या पाट्यांचं मी आत्ताच लिहिते, अंगात राग आहे तोवर.

आमची वस्ती राजुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. घराला दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये पिकअप. शेड आधी उभं राहिलं आणि दुसरी खोली मागनं, यावरून आमच्याकडे कुणाला काय मान होता ते कळावं. सकाळ गाडीच्या आवाजानं व्हायची. आप्पा आधी चारी चाकांना लाथ मारून बघायचे, मग बॉनेट उघडायचे, मग चावी. इंजिन गरम होईस्तोवर मोबाईलवर बुद्धवंदना लावून तो डॅशबोर्डवर ठेवायचे, आणि डिझेलच्या धडधडीत ती वंदना अशी थरथरत यायची की लहानपणी मला वाटायचं, पालीतलं सगळं थरथरतच म्हणायचं असतं. आत आई भाकऱ्या थापत असायची. बाजरीच्या, जाड, तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या. खलबत्त्यात ठेचा, नाहीतर सुकट परतलेली, कांदा जास्त आणि सुकट कमी. ती मोजून आमच्यापुरत्या भाकऱ्या कधी करायची नाही. टोळीतल्या कुणाच्या तरी फडक्यात काहीच नसायचं, आणि ते कुणाच्या हे आईला आदल्या दिवशीच माहीत असायचं.

आई टोळीची मुकादम होती. टोळी म्हणजे टोमॅटो तोडायला, कांदा लावायला आणि काढायला एकत्र जाणाऱ्या पंधरा-सोळा बाया. बटाट्याला आंबेगावात, मंचरच्या अंगाला जायच्या; कधी येडगावच्या धरणाकडं; पण टोमॅटोच्या दिवसांत बहुतेक राजुरीच्या पलीकडं, आणे गावाच्या बाजूला, नानांच्या बागेत. नाना म्हणजे त्या बागेचे मालक, वयानं आप्पांहून बरेच लहान. सकाळी आप्पा टोळीला पिकअपमधून तिकडं सोडायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीत बायांनी तोडलेला माल भरून नारायणगावच्या बाजारात न्यायचे. म्हणजे एकाच हौद्यात सकाळी बाया आणि संध्याकाळी टोमॅटो. ही गाडी मालासाठी नीट केलेली होती, बायांसाठी नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते सांगायला थोडं गाडीखाली शिरावं लागेल.

पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांचे थर असतात, धनुष्यासारखे वाकवलेले. त्यांना आमच्याकडं पाटे म्हणतात. सगळा भार त्यांच्यावर. कंपनीनं दिलेल्या पाट्यांवर कंपनीनं सांगितलेला माल बसतो, आणि तेवढ्यावर आमच्या तालुक्यात कुणाचंच भागत नाही. मग लोक जादा पाटे घालून घेतात, वाकही वाढवून घेतात. आमची गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकानं कांद्यासाठी हे सगळं आधीच करून ठेवलेलं. दाबून भरली की ती सपाट, ऐटीत चालायची. रिकामी असली की मागून उंच, ढुंगण वर केलेल्या बदकासारखी. आणि कडक. खड्डा आला की पाटे दबायचे नाहीत, अख्खा हौदाच वर उडायचा. सोळा बायांचं वजन त्या पाट्यांना वजनच वाटायचं नाही. हे वाक्य मी पुढं एका पत्रकात घातलं तेव्हा एका पुढाऱ्यानं ते छान आहे म्हणून सांगितलं. छान नाहीये ते.

चढायचं कसं, हा रोजचाच प्रश्न. मागचा फाळका पाडला तरी हौद्याची कड कमरेच्या वर यायची. बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेल्या, हातात डबा, पाण्याची बाटली, विळा. टोळीनं त्यावर एक रीत पाडली होती. टोमॅटोचा रिकामा क्रेट पालथा घालायचा आणि त्यावर पाय देऊन एकेकीनं वर जायचं. जी शेवटी उरेल तिनं क्रेट वर द्यायचा, कारण तो संध्याकाळी मोजून परत द्यावा लागायचा, आणि मग बंपरवर पाय ठेवून, वरच्या दोघींना हात देऊन, लोंबकळत वर यायचं. ती शेवटची कायम विमलमावशी. का, तर टोळीत सगळ्यात उंच ती. आणि शेवटी चढते म्हणून तिची जागा फाळक्यापाशी, चाकांच्याही मागं, जिथं दणका सगळ्यात मोठा. केबिनला टेकून बसायच्या जागा वयस्कर बायांच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि मोडायचंही कुणी नाही.

विमलमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. मी कॉलेजला जायला लागल्यावर ती मला मॅडम म्हणायची, आणि मी पहिलं पत्रक लिहून आणलं तेव्हा तिनंच ते चुलीपुढं मोठ्यानं वाचलं होतं, अक्षर लावत, मध्येच थांबून, "हे आपल्यालाच म्हणलंय का गं?" असं विचारत. बायांनी आप्पांना गाडीचं सांगितलं नव्हतं असं नाही. रोज सांगायच्या, आणि मावशी सगळ्यात जास्त.

"दाजी, गाडी मागनं जरा खाली घ्या की. म्हशीवर बसल्यागत व्हतंय."

"म्हस दूध तरी देती," आप्पा म्हणायचे. "तुमी नुसत्या तक्रारी देता."

सगळ्या हसायच्या. आप्पाही हसायचे, आणि गियर टाकायचे. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. मागणी हसून केली की ऐकणाऱ्याला हसून टाळता येते. पण टोळीतल्या बायांना दुसऱ्या कुठल्या सुरात मागायची सवयच कुणी लागू दिली नव्हती, घरातही नाही आणि बागेतही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मीही टोळीत होते, केबिनला टेकलेल्या आईच्या पुढ्यात. गावाच्या पुढं रस्त्यावर कुणीतरी आपल्या दारापुढं धूळ उडते म्हणून गतिरोधक घालून घेतला होता. त्याला ना पांढरे पट्टे, ना पाटी. आप्पांना तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. पुढची चाकं गेली, आणि मागची गेली तेव्हा आम्ही सगळ्या एकदम हवेत गेलो. मला आठवतं, माझ्यासमोर एका बाईचा डबा उघडून भाजी हवेत होती. खाली आलो तेव्हा शिव्या, हसणं, डोकी चोळणं सुरू झालं. मागं मावशी फाळक्याच्या लोखंडी कडेवर आपटून तशीच बसलेली होती. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी हौद्याची बाजू धरून तिनं खाली बघितलं आणि शेजारणीला विचारलं, "पाय हायेत ना गं माझे जाग्यावर?"

मणका दबला होता. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठीवर पडून राहायचं, आणि नंतरही वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. टोमॅटो तोडणारणीला वाकायचं नाही असं सांगणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक नसावं. किंवा असावं, त्यांचा तरी काय इलाज. मावशी गाडीतून पडली नव्हती, रक्त आलं नव्हतं, गाडी कशाला धडकली नव्हती. म्हणून वस्तीतही, बागेतही, कुणी त्याला अपघात म्हणायला तयार नव्हतं. नाना बघायला आले नाहीत. फोनवर आप्पांना म्हणाले, "ते आपलं बघ, पर टोळी उद्या लागंल. माल लाल व्हतोय."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे बोलणं झालं ते मी जवळजवळ शब्दाला शब्द सांगू शकते. आप्पा ताटावर बसले होते. आई तव्यापाशी.

"पाटे काढून टाका," मी म्हणाले.

"आणि सांच्याला माल काय डोक्यावर न्यायचा?"

"मावशीचा मणका गेला, आप्पा."

"मी घालवला? ती पडली असती तर गोष्ट निराळी. बसल्या जागी लागलं तिला. लोकं घरात बी घसरत्यात."

"गाडी उडते म्हणून लागलं."

"गाडी ब्रेकरवनं उडली. ब्रेकर कुणी घातला? रस्ता कुणी केला? तेंच्या नावानं काढ की पत्रक, वकिलीणबाई. तुला घरातलाच बाप सापडतो व्हय?"

यात खोटं काही नव्हतं. रस्ता वाईट होता, ब्रेकर चोरून घातलेला होता, त्यांच्या नावानं पत्रकही निघायला हवं होतं आणि पुढं निघालंही. पण तो ब्रेकर आमच्या शेडमध्ये उभा नव्हता. पाटे उभे होते. ज्याला जे हातात आहे ते करायचं नसतं तो नेहमी हातात नसलेल्याकडं बोट दाखवतो, मग तो मंत्री असो नाहीतर माझा बाप. मी हे तोंडावर बोलले. आप्पांनी ताट सरकवलं. आईनं ते परत त्यांच्यापुढं सरकवलं आणि एक भाकरी वर ठेवली.

"जेवा तुमी," ती म्हणाली. "उद्यापास्नं आमी चालत येणार हाये."

"कुठं चालत?"

"बागंत. तुमी गाडी न्या, सांच्याला माल भरायला लागंल ना. आमी येतो मागनं."

आप्पा हसले. त्यांना वाटलं, आई चिडून बोलतेय. पण त्याआधीच, नळावर पाणी भरताना, टोळीचं ठरलेलं होतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी एक खरमरीत पत्रक मनात जुळवत बसले होते तोवर बायांनी हंडे भरता भरता सगळं मिटवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आल्या आणि गाडीकडं न बघता रस्त्याला लागल्या. आप्पा गाडी घेऊन मागून आले, हॉर्न वाजवला, पुढं गेले, थांबले. आई काचेपाशी जाऊन म्हणाली, "तुमी व्हा की पुढं." पण बायको रस्त्यानं चालत असताना माणूस गाडी पळवून पुढं जाणार कुठं? तेवढी लाज आप्पांना होती. पहिल्या गियरमध्ये, घरघर करत, रिकामी पिकअप पुढं आणि तिच्यामागं आम्ही, अशी आमची मिरवणूक राजुरीच्या पेठेतून निघाली. डेअरीपुढं दुधाचे कॅन घेऊन माणसं उभी होती, चहाच्या टपरीवर बाकी सगळे.

"काय पावणं, डिझेल संपलं व्हय?"

"गाडी रुसलीया राव. बघा कशी ढुंगण वर करून चाललीया."

"कुणाची वरात म्हणायची ही, हौसाबाई?"

हौसाबाई टोळीत सगळ्यात म्हाताऱ्या. त्या न थांबता म्हणाल्या, "गाडीची. तिला नवरा बघाय निघालोय. तुझ्यात हाय का एखादा?"

टपरी हसली. आप्पा आरशातून बघत होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि कीव यायला हवी होती, पण आली नाही.

बागेत पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. नाना बांधावर उभे होते, कमरेवर हात. त्यांनी बायांकडं बघितलंच नाही. आप्पांना म्हणाले, "बायकोला आवरता येईना व्हय रे तुला?"

ह्या 'रे'बद्दल मला थोडं लिहू द्या. नाना आपल्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीवाल्याला भाऊ म्हणतात, मोठ्याला तात्या म्हणतात. आमच्या वस्तीत आले की पांढऱ्या केसांनाही रे. आप्पांना ते आयुष्यभर ऐकून ऐकू यायचं बंद झालेलं होतं. त्या दिवशी सगळ्या टोळीपुढं ते ऐकू आलं. पण बोलली ती आई.

"नाना, आमी तोडाय आलोय. कशा आलो त्याचं तुमाला काय?"

"उन्हं डोक्यावर आल्यावर आलात, त्याचं काय मंग?"

"गाडी मागनं खाली झाली का येळंवर येऊ."

"गाडी काय माझी हाय? मी दुसरी टोळी आणतो आंबेगावातनं."

"आणा की," आई ओढणीनं डोकं बांधत म्हणाली. "तेवढ्यात माल पिकून गळंल, आणि त्या बी बायाच असत्यान."

आणि ती सरीत शिरली. नाना फोन काढून उभे राहिले, पण फोन केला नाही. बहरात सगळ्याच टोळ्या कुठं ना कुठं लागलेल्या असतात. आम्ही दुसऱ्या दिवशीही चाललो, तिसऱ्याही. टपरीवरचं हसणं कमी झालं. कुणीतरी आप्पांना चहाला बोलावून सांगितलं की राव, एवढं ताणू नका. एक दिवस सकाळीच आप्पांनी चावी उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "यायचं तर चल."

आळेफाट्याला रस्त्याकडेला पाट्यांचं दुकान आहे. पुढं भट्टी, मागं जुन्या पाट्यांचा ढीग. मिस्त्री चहा पीत होता.

"किती चढवायचंत?"

"उतरवायचंत," आप्पा म्हणाले.

"आं?"

"मागनं खाली घ्यायची गाडी. जादाचं पाटं काढायचं, वाक बी कमी करायचा."

"डीजे लावताय का काय? का पोराला हौस आलीया जमिनीला चिकटून पळवायची?"

"बाया बसत्यात."

"कुठल्या बाया?"

"आमच्याच," आप्पा म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "बायांसाठी पाटं काढणारं गिऱ्हाईक पैलंच बघतोय. काढतो. पर उद्या माल भरल्यावर गाडी बसली म्हणून माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."

गाडी जॅकवर गेली, खाली लाकडाचे ठोकळे आले. पाट्यांचा जुडगा धरून ठेवणारे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यावर डिझेल ओतलं, पान्याला पाइप अडकवून मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या लोंबकळले, तरी हलेना, मग घण. प्रत्येक घावाला मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. एक बोल्ट तुटून उडाला आणि जुडगा सुटला. पाटे एकेक करून जमिनीवर पडले, काळे, जड, तेलकट. जादाचे बाजूला काढले, राहिलेल्यांचा वाक घणानं ठोकून थोडा उतरवला, परत बांधलं. जॅक सोडला तेव्हा गाडीची मागची बाजू खाली येत गेली आणि थांबली. आता ती गाडीसारखी दिसत होती. आप्पा मागं गेले, फाळका पाडला आणि त्यावर बसून बघितलं. मग काढलेले पाटे त्यांनी स्वतः उचलून हौद्यात टाकले. टाकून देणार नव्हते ते. उद्या परत बसवायला लागले तर, हा विचार त्यांच्या डोक्यात होता, आणि माझ्या डोक्यात होतं की पाटे उतरले ते मावशीच्या पाठीसाठी नाही. पेठेतल्या हसण्यासाठी आणि नानांच्या त्या एका 'रे'साठी उतरले. बाईचं हाड मोडून जे झालं नाही ते पुरुषाचा अपमान होऊन झालं. आज बैठकांमध्ये लोक म्हणतात, कारण काही का असेना, झालं ना काम? मला कारण हवं असतं. कारण बरोबर नसेल तर काम पुढच्या बहरात परत उलटतं.

त्या संध्याकाळी नानांची माणसं नेहमीसारखी थर लावायला लागली तशी गाडी मागून बसली. आप्पांनी हात आडवा केला. "यवढंच. बाकीचं दुसऱ्या गाडीला द्या." नानांनी दुसरी गाडी बोलावली, आणि त्या दिवसापासून निम्मा माल तिच्यातच जातो. त्यांनी आप्पांना काही ऐकवलं नाही. आप्पा मात्र माझ्याशी बोलायचे थांबले ते बरेच दिवस.

पण पाटे उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. वंदना थरथरत होती, भाकऱ्या बांधून झाल्या होत्या. बाया गाडीपाशी आल्या, फाळका पाडला. कुणी क्रेट मागितला, कुणी तसाच गुडघा टेकवून चढली. हौसाबाई चढल्या आणि म्हणाल्या, "आता हाय बाई माणसाची गाडी." गाडी वस्तीतून निघाली तेव्हा आईनं केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"विमलच्या दारात थांबवा जरा."

आप्पांनी थांबवली. मावशी भिंतीला धरून बाहेर आली, कमरेला पट्टा, पाय फरफटत. पहिल्यांदाच बाहेर येत होती ती. टोळीतल्या बाया एकदम बोलायला लागल्या, काय गं, कशी हायेस, खाल्लंस का. तिनं कुणाकडं बघितलं नाही. गाडीच्या मागं येऊन ती उभी राहिली. हौद्याची कड आता तिच्या कमरेच्या खाली होती. तिनं त्या कडेवर तळहात ठेवला, मग आधी जिथं कड यायची तिथं स्वतःच्या अंगावर बोटं लावली. मध्ये चार-पाच बोटं अंतर असेल.

"यवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली.

मग तिनं आवाज थोडा मोठा केला, केबिनपर्यंत जाईल एवढा.

"दाजी, यवढंच उतरवायचं व्हतं?"

आप्पांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत. मावशीही हलली नाही. तिचा हात कडेवर तसाच होता, आणि तो तिनं काढल्याशिवाय गाडी पुढं नेता येत नव्हती.